बीजाची पारख आणि भिंगाची जुळणी

आम्ही अड्याळच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

कोसा पिकवणाऱ्या घरांना हे सांगायला नको. ऐन-अर्जुनाच्या झाडावर अळ्या छान वाढत असतात, मग सुस्त होतात, अंगावर मिऱ्याच्या पुडीसारखे ठिपके येतात आणि पाखरं हाकलत केलेली सगळी राखण वाया जाते. हा पेब्रीन रोग. मादी पतंगाच्या पोटातून तो अंड्यांत उतरतो. म्हणून तपासायची ती मादी. लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये १८६५ पासून या रोगावर काम केलं आणि रीत घालून दिली: प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवा, मग तिचं पोट पाण्यात खलून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. रोगाचे कण दिसले तर ती अंडी जाळा. आजही हेच करतात.

पण सूक्ष्मदर्शक आणायचा कुठून? आम्हाला एका मोडक्या यंत्राची दोन भिंगं मिळाली, खालचं ४० पट, डोळ्याकडचं १५ पट. दोन्ही मिळून ६०० पट. प्लास्टिकच्या पाइपात बसवली, आणि काय दिसलं? दूध सांडल्यासारखा पांढरा उजेड!

मग एकेक चूक कळली. खालच्या भिंगावर १६० कोरलेलं होतं, म्हणजे ते १६० मिलिमीटरच्या नळीसाठी होतं. आमचा पाइप हातभर. तो कापला. आतून काळा कागद लावला, पांढरा उजेड गेला. तरी चित्र एका बाजूला स्पष्ट, दुसरीकडे पुसट. भिंग तिरपं बसलं होतं. पाइपाचं तोंडच वाकडं कापलेलं! लेथवाल्याकडून ते काटकोनात करून घेतलं, तेव्हा जमलं.

आता वरचं भिंग काढून नळीतून खाली बघायचं. उजेडाचा गोल बरोबर मध्ये हवा. चंद्रकोर दिसली तर भिंग सरकलंय. कागदाची चकती घालून मध्ये आणायचं. एखादा ठिपका दिसला तर वरचं भिंग फिरवा. ठिपकाही फिरला तर तो भिंगावरचा कचरा, रोग नाही. आणि भिंग पदराने पुसू नका बाई, चरे पडतात.

काचपट्टी वर-खाली करायला सहा मिलिमीटरचा बोल्ट लावलाय. एका फेऱ्यात तो एक मिलिमीटर सरकतो, आणि रोगाचा कण त्याच्या जवळपास अडीचशेव्या भागाएवढा! म्हणून बोल्टच्या डोक्याला वीतभर पट्टी बांधली, हात हलका चालतो.

परवा सहा माद्या पाहिल्या. एकीत चमकदार, लांबट गोल कण दिसले. दोघींना दिसले, तिसरीला नाही. घरच्या यंत्रावर अंडी जाळायचा निर्णय आम्ही घेत नाही, आणि वापरायचाही नाही. ती अंडी वेगळी बांधली, पतंग रेशीम कार्यालयात तपासायला दिला. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, त्याआधी उत्तर हवंय. रोज विचारायला जातोय.