गार्सिया द ओर्ता उद्यान : एका बागेच्या नावाची गोष्ट



पणजीच्या चर्चच्या पायऱ्या उतरून आपण खाली आलो, की समोर नगरपालिकेची बाग लागते. तिथला बँडस्टँड, मधला उंच खांब आणि सावलीतली बाकडी आपल्या ओळखीची आहेत. पण बाग ज्याच्या नावाने आहे तो गार्सिया द ओर्ता कोण, असे घरातल्या मुलाने विचारले तर आपण काय सांगू?

आधी जागेविषयी. पणजी हे मांडवीच्या मुखाजवळचे दलदलीचे गाव. व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो याने 1827 ते 1835 या काळात भराव घालून रस्ते आखले, आणि 1843 मध्ये ‘नोव्हा गोवा’ म्हणून पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. राजधानी म्हटली की संध्याकाळी फिरायला, वाद्यवृंद ऐकायला जागा हवी. 1855 मध्ये ही बाग झाली ती त्यासाठी.

आता नावाविषयी. ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची ऊठबस होती आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. 1563 मध्ये त्याने गोव्यातच एक ग्रंथ छापला. त्यात दोन वैद्यांचा संवाद आहे : एक युरोपातल्या पोथ्यांचा हवाला देतो, तर दुसरा, म्हणजे स्वतः ओर्ता, इथे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. आंबा, फणस, नारळ, विडा, भांग, धोतरा हे सारे त्यात येते. चारच वर्षांनी त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून निघाला आणि इथली झाडे युरोपभर पोचली.

या ग्रंथातला एक शब्द तुम्हांला मुद्दाम सांगतो. पटकीच्या रोगाविषयी तो लिहितो, की इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही तोच शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ करतो. ही आपली मोडशी! आजीच्या तोंडचा हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात छापला गेला. आणि बिघाड आपल्या बोलण्यात आहे, लोकांच्या नाही, हे त्या परदेशी माणसाने कबूल केले. विद्वानाची खरी परीक्षा मला इथे दिसते.

त्याची अखेर मात्र विदारक आहे. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या आईबापांचा मुलगा. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. 1568 मध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले. तेवढ्याने भागले नाही. 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. ज्या राजवटीत त्याला कबरही राहू दिली नाही, तिच्याच राजधानीतल्या बागेला पुढे त्याचे नाव मिळाले.

बागेतल्या खांबाचीही अशीच गोष्ट आहे. वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षे झाली म्हणून 1898 मध्ये त्याचे स्मारक इथे झाले. गोवा मुक्त झाल्यावर गामाचा पुतळा खाली उतरला आणि खांबावर अशोकाचे सिंह आले. ते योग्यच झाले. पण ओर्ताचे नाव पुसावे असे कोणाला वाटले नाही, तेही योग्य झाले. गामा इथे मालकी सांगायला आला होता; ओर्ता इथल्या झाडांची नावे विचारत राहिला.

श्रोतेहो, आपणही पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राहत आहोत. राहिल्याने गाव आपले होते, पण त्याची गोष्ट सांगता आली तर ते मुलांचेही होते. पुढच्या वेळी नातवंडांना बागेत न्याल, तेव्हा पाच मिनिटे पाटीसमोर थांबा आणि मोडशीची गोष्ट सांगा.