पोट लहान झालं, ताट कोण लहान करणार?

(उदयनगर, जि. देवास येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘लठ्ठपणा : एक समस्या’ असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. (हशा) मी चिटणीसांना फोनवर सांगितलं होतं की बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, ऑपरेशननंतर परत वाढणाऱ्या वजनावर बोलायचंय. ते म्हणाले, ताई, एवढं बॅनरवर मावत नाही.

तेव्हा लठ्ठपणा म्हणजे काय, बीएमआय कसा काढतात, साखरेशी त्याचं नातं काय, हे सगळं सोडून देते. तुम्ही ते मोबाईलवर रोज वाचता. ऑपरेशनचंही थोडक्यात सांगते. आपल्याकडे जास्त चालतं ते स्लीव्ह. त्यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. दुसरं बायपास. त्यात साधारण 30 मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. आपल्या इंदूरला, उज्जैन रस्त्यावर अरबिंदोच्या आवारात, यासाठी बाहेरगावचे पेशंट येऊन राहतात. आणि मराठी माणसाला ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द कळला तो 2011 साली, नितीन गडकरींनी ऑपरेशन करून घेतलं तेव्हा. खाण्याचा एवढा शौकीन माणूस हे करतो म्हटल्यावर नागपूरपासून इंदूरपर्यंत अनेकांना धीर आला.

पहिली दीड-दोन वर्षं छान जातात. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक आहे, 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. पेशंट म्हणतो, ताई, भूकच लागत नाही. वजन उतरतं, जुने कपडे वाटून टाकतात, फोटो काढतात.

मग काटा वर सरकू लागतो. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा पेशंटांचा मोठा अभ्यास चालला. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी पाहिलं तर मूळ वजनापेक्षा 25 टक्के कमी होतं. म्हणजे 120 किलोचा माणूस 82 वर आला आणि 90 वर स्थिरावला. याला मी अपयश म्हणत नाही. माझ्याकडे येतात ते 82 वरून 105 ला गेलेले. शिव्या खाऊन आलेले असतात. नवरा म्हणतो, चार लाख पाण्यात. सासरे म्हणतात, जिभेवर ताबा नाही.

मी आहारसल्लागार आहे, ऑपरेशन करत नाही. त्यामुळे माझ्यासमोर लोक खरं बोलतात. काय खाता विचारलं की सांगतात, दोन पोळ्या सुद्धा जात नाहीत हो. खरंच जात नाहीत! पोळी, उसळ, पनीर त्या नळीत अडतं. सेव अडत नाही. (हशा) हसू नका. चहाबरोबर सेव तोंडात विरघळते, नळीतून सरकते, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. शंभर ग्रॅम सेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. बिस्किट चहात बुडवून, आइस्क्रीम, रबडी, सगळं तसंच. दिवसभर चिमूट चिमूट. पोट लहान केलं तरी दिवस तेवढाच लांब राहतो.

आता हे भुकेनं खाणं नाही, हे पेशंटलाही कळतं. कंटाळा, राग, एकटेपणा, त्यासाठी खाणं. याच्यावर पुस्तकं ढीगभर आहेत. अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. विन्सेंट फेलिटी 1980 च्या दशकात वजनाचा दवाखाना चालवत. तिथे ऑपरेशन नव्हतं, उपवासाचा कार्यक्रम होता. त्यांच्या लक्षात आलं की वजन छान उतरत असलेलेच लोक मध्येच सोडून जातात. विचारत गेले, तर अनेकांच्या लहानपणात अत्याचार निघाले. कुणाकुणाला ते वजनच अंगावरचं संरक्षण वाटत होतं. त्यातून पुढे 17 हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, पहिला निबंध 1998 चा. फार मोठं काम. पण ही सगळी पुस्तकं खाणाऱ्याच्या आत डोकावतात. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते सांगायलाच मी कंपेलच्या रस्त्याने हाडं खिळखिळी करून आले. आपल्याकडे ताटाच्या पलीकडे उभा असलेला माणूसही तपासा. वाढणारा.

एक उदाहरण देते. गाव, नाती थोडी बदलून. एक बाई, चाळिशीतली, स्लीव्ह झालेली. देखभालीला आई येऊन राहिली. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, तर आई डाळीचं पाणी देई. त्यात तूप. मग मऊ अन्न सुरू झालं, तर श्रीखंड मऊच की! दर दोन तासांनी वाटी. मुलगी नको म्हणाली की आईचे डोळे भरायचे. माझ्या हातचं दोन घास नाही? आठ महिन्यांत उतरणं थांबलं. मी आईला बोलावलं. आली ती डबा घेऊन. (हशा) माझ्यासाठी करंज्या! मी विचारलं, आजी, दिवसभर काय करता? गप्प. नवरा गेलेला, शेत वाटून दिलेलं, सुना स्वतंत्र. म्हणाली, कुणी जेवतच नाही गं आता माझ्या हातचं. आणि मुलीला वेगळं विचारलं तर ती म्हणाली, मला श्रीखंड आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं. आई रडू नये म्हणून खाते.

मंडळी, फाईलवर लिहायचं काय? पेशंट मनाच्या ओढीनं खाते, असं? मन तर आईचं होतं! मी त्या आजींना काम दिलं. लेकीच्या प्रथिनांचा हिशोब ठेवायचा, रोज 60 ग्रॅम. मूग, अंडं, पनीर, ताक. आजी वहीत लिहू लागल्या. लेकीचं अंडं उकडायला सुद्धा लागल्या, वेगळ्या भांड्यात का होईना.  चिठ्ठी आली आहे, वीस मिनिटं उरलीत म्हणे. मला वाटलं होतं आत्ताच सुरू केलं.

म्हणून माझा आग्रह... हो, माझाही आग्रहच! (हशा) की ऑपरेशनपूर्वीच्या समुपदेशनाला पेशंटबरोबर घरात वाढणारी व्यक्ती आलीच पाहिजे. फॉर्मवर नवऱ्याची सही घेतात. सही करणारा नवरा पोळी लाटत नाही. आपल्या माळव्यात तर पाहुण्याला बाफले तुपात बुडवून दिल्याशिवाय घराची इज्जत राहत नाही, आणि मराठी घरांनी इथे दोनशे वर्षं राहून इकडचं तूप आणि तिकडचा पंगतीतला आग्रह, दोन्ही घेतले.

(श्रोत्यांतून : हे पैसेवाल्यांचं दुखणं आहे. इथल्या पाड्यांवर लोकांना पोटभर मिळत नाही.)

बरोबर आहे. याच बागली भागातली माणसं मजुरीला बाहेर जातात, हे मला दिसतं. पण दादा, पाच रुपयांची नमकीनची पुडी त्या पाड्यावरच्या दुकानातही लटकते. एकाच घरात मुलगा कुपोषित आणि आजीला साखर, हेही मी पाहते. आणि पैसेवाल्याचं दुखणं दुखत नाही असं थोडंच आहे? तरी तुमचा मुद्दा मी टाळत नाही, वेळ... बरं, पुढे.

(डॉक्टर श्रोते : वजन परत येण्यात शरीरशास्त्राचा भाग मोठा आहे. पिशवी सैलावते, संप्रेरकं बदलतात.)

मान्य, डॉक्टरसाहेब. मी आधीच म्हटलं, आठ-दहा किलोंचा हिशोब शरीराचा. मी वरच्या पंधरांबद्दल बोलते. त्यातले सगळे वाढणाऱ्यामुळे, असंही म्हणत नाही. बरेचसे म्हणते. तुम्ही मान हलवताय, हलवा.

(एक तरुणी : म्हणजे शेवटी दोष बाईचाच?)

हा प्रश्न मला दर ठिकाणी येतो आणि दर ठिकाणी मी थोडी चिडते. दोष म्हटलं नाही मी. त्या आजींना साठ वर्षं घरानं एकच विषय बोलायला दिला, जेवलास का? मुलगा रागावला तर खीर, मुलगी नापास झाली तर शिरा. दुसरं काही बोलायची सोयच नव्हती. आता तोच विषय बंद करा म्हणणं क्रूर आहे, म्हणून मी वही दिली. आणि पुरुष वाढत नाहीत असंही नाही. इंदूरच्या सराफ्यात रात्री अकराला मित्राला ‘चल, एकच जिलबी’ म्हणणारे कोण असतात? दारूचंही तसंच. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या 2012 च्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तिथे ग्लास भरणारा मित्रच असतो.

दुसरी चिठ्ठी. यात प्रश्न आहे, नाव नाही. वाचते : ‘भाचीचं ऑपरेशन झालंय. लग्न ठरतंय. मुलाकडे सांगावं का?’

सांगा. सगळी लपवतात, मला ठाऊक आहे. पण विचार करा, नव्या सुनेचं पहिलं ताट. पुरणपोळी, वर तूप, आणि चारी बाजूंनी आग्रह. नाही म्हणायची सोय नाही. ती खाते आणि उठून ओकते. आणि दोन महिन्यांनी परत ओकली की सासूबाई पेढे सांगतात! (मोठा हशा) बायपास असेल तर गोडानं घाम, धडधड, जुलाब. ते लपवता येत नाही. आणि बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, त्या काय उशीखाली ठेवणार? शिवाय ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात. तेव्हा तारीख काढायच्या बैठकीत हेही बोलून घ्या, मुलाच्या आईसमोर. मुलाच्या आईसमोरच. तिला पुढच्या तपासणीला माझ्याकडे घेऊन या.

अध्यक्षांनी घड्याळ काढलंय. मधुमेहावर मी एक पानभर लिहून आणलं होतं, ते राहिलं.