छायाचित्रे : मूळ प्रत आणि फिरती प्रत



कोणत्याही संस्थेची स्मरणिका काढावयाचे ठरले, की संपादक मंडळाची पहिली मागणी असते ती छायाचित्रांची. पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे कृष्णधवल छायाचित्र कोणाच्या तरी ट्रंकेतून निघते आणि ते बहुधा छापण्याजोगे असते. नवल असे, की दहा वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची छायाचित्रे शेकडोंनी येतात, परंतु मुद्रकाच्या संगणकावर ती उघडली की तो नकारार्थी मान हलवतो. फोनच्या पडद्यावर लखलखीत दिसणारे चित्र पानभर मोठे केले की चेहरे पुसट होतात. फेट्याची किनार आणि साडीचे काठ एकमेकांत मिसळून जातात. ही छायाचित्रे बिघडलेली नसतात. ती मूळ छायाचित्रे नसतातच. समाजमाध्यमांवरून फिरून आलेल्या त्या नकला असतात.

जुन्या पिढीला ही गोष्ट निगेटिव्हच्या उदाहरणाने चटकन उमजेल. स्टुडिओतून मिळालेली प्रत हरवली तरी निगेटिव्ह असेपर्यंत चिंता नसे. तिच्यावरून हवी तेवढी मोठी प्रत काढता येई. आज ज्या फोनने छायाचित्र टिपले त्या फोनमधील फाइल ही निगेटिव्हच्या जागी आहे. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र म्हणजे तिच्यावरून काढलेली लहानशी प्रत. दुर्दैवाने सांभाळली जाते ती प्रत, आणि फोन बदलताना पुसली जाते ती निगेटिव्ह.

प्रत्यक्षात घडते काय? वस्त्र दुरून अखंड दिसले तरी जवळून पाहता ते उभ्या-आडव्या धाग्यांचे असते. तसे संगणकावरील छायाचित्र उभ्या-आडव्या ओळींत मांडलेल्या रंगबिंदूंचे असते. सर्वसाधारण फोनचे एक छायाचित्र ४००० बाय ३००० बिंदूंचे, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. व्हॉट्सॲपवर ते नेहमीच्या पद्धतीने पाठवले की त्याची लांब बाजू सुमारे १६०० बिंदूंवर आणली जाते. १६०० बाय १२०० या हिशेबाने उरतात १९ लाख २० हजार. सहा धाग्यांतील पाच काढून घेतल्यावर कापडाचा पोत काय राहील, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू असावेत असा सर्वमान्य संकेत आहे. त्याप्रमाणे मूळ छायाचित्र १३ इंच रुंद छापता येते. फिरून आलेले जेमतेम सव्वापाच इंच. इन्स्टाग्रामवरील १०८० बिंदू रुंदीचे चित्र तर साडेतीन इंचांतच संपते.

हे झाले आकाराचे. दुसरी झीज डोळ्यांना लगेच दिसत नाही. बहुतेक छायाचित्रे ‘जेपेग’ या पद्धतीने साठवली जातात. तिचे प्रमाण १९९२ साली निश्चित झाले. मात्र तिच्या मुळाशी असलेले गणित बेंगळूरू येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले होते. आज जगभर फिरणाऱ्या छायाचित्रांच्या मुळाशी तीन भारतीय नावे आहेत, ही अभिमानाची बाब क्वचितच कोणाच्या कानी आलेली असते. या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून, डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे वगळले जातात. वगळलेले पुन्हा येत नाही. एका माध्यमावरून उतरवून दुसऱ्यावर चढवले, तेथून तिसऱ्याने घेतले, की चित्र दर वेळी नव्याने दाबले जाण्याचा संभव असतो. कार्बन लावून केलेल्या बिलाच्या प्रतीवर पुन्हा कार्बन ठेवून प्रत काढली तर अक्षर जसे फिकट होत जाते, तसेच हे आहे.

याबद्दल कंपन्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. कोट्यवधी लोकांची चित्रे क्षणात पोहोचवायची, ती साठवायची, आणि खेडेगावातील मंद नेटवर्कवरही दिसली पाहिजेत, तर ओझे हलके करणे भागच आहे. निरोपाचे काम त्यांनी पत्करले आहे, दप्तरखान्याचे नव्हे.

छायाचित्राबरोबर आणखी एक गोष्ट गळून पडते, आणि स्मरणिकेच्या दृष्टीने तीच अधिक हळहळण्यासारखी आहे. मूळ फाइलच्या पोटात ते कोणत्या दिवशी, किती वाजता टिपले याची नोंद असते; कित्येकदा स्थळाचीही असते. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवताना ही नोंद निघून जाते. स्थळ गुप्त राहते हा त्यातील लाभ खरा. पण त्यानंतर फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती चित्राच्या देवाणघेवाणीची. मग २०११ सालचा कार्यक्रम २०१९ सालचा म्हणून छापला जातो, आणि चित्रातील दिवंगत व्यक्ती पाहून वाचक बुचकळ्यात पडतात.

तेव्हा उपाय काय? छायाचित्र ज्याने टिपले त्याच्याकडेच ते मागावे. ज्याला ते पाचव्या हाताने मिळाले त्याच्याकडे नव्हे. पाठवणाऱ्याने ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. व्हॉट्सॲपमध्ये जोडणीच्या चिन्हाखाली हा पर्याय असतो आणि त्या मार्गाने गेलेली फाइल जशीच्या तशी, तारखेच्या नोंदीसह पोहोचते. ऑगस्ट २०२३ पासून आलेला ‘एचडी’ हा पर्याय नेहमीच्या पद्धतीहून निश्चित बरा; परंतु एचडी म्हणजे मूळ प्रत, हा समज चुकीचा आहे. छायाचित्रे शंभर-दोनशे असतील तर गुगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा, अथवा सरळ पेनड्राइव्ह हातात द्यावा. पेनड्राइव्हला आजची मुले हसतात, पण तो चित्राचा एक बिंदूही कमी करीत नाही.

मूळ फोन गेला, टिपणाराही राहिला नाही, अशा वेळी उपलब्ध नकलांतील सर्वांत मोठी शोधणे एवढेच हाती राहते. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटात असेल आणि कोणी फेसबुकवरही टाकलेले असेल, तर आधी फेसबुक पाहावे. तेथे २०४८ बिंदूंपर्यंतची प्रत ठेवली जाते. स्वतःच्या खात्यातील सर्व माहिती एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय फेसबुकने २०१० पासून ठेवली आहे. इन्स्टाग्रामवरही ती आहे. मात्र त्यातून मिळते ते कंपनीने ठेवलेले, दिलेले नव्हे. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्यात छायाचित्राचे बिंदू येत नाहीत, पडद्याचे येतात. भोवतीची बटणे आणि घड्याळ ती भर निराळी. ‘मूळ दर्जात उतरवून देतो’ असे सांगणारी जी अनोळखी ॲप्स असतात, त्यांनाही कंपनीकडे नसलेले काही आणता येत नाही. त्यांपैकी कोणी परवलीचा शब्द मागितला तर तेथून तत्काळ बाहेर पडावे.

हल्ली अस्पष्ट चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट करून घेण्याची प्रथा पडते आहे. येथे थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे. संगणक हरवलेला तपशील शोधून काढीत नाही, तो कल्पनेने भरतो. डोळे रेखीव होतात, सुरकुत्या नाहीशा होतात, आणि आजीच्या चौकटीत आजीसारखी दिसणारी कोणी निराळीच स्त्री येऊन बसते. नातवंडे तिलाच आजी मानून वाढतील. त्यापेक्षा पुसट पण खरा चेहरा लहान चौकटीत लावणे शतपटीने बरे.

सर्व काही ‘ऑनलाइन’ आहे, मग काळजी कशाची, असे तरुण मंडळी म्हणतात. एकेकाळी भारतात घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. छायाचित्रे उतरवून घेण्यास सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. ज्यांच्या ती ध्यानात आली नाही त्यांचे महाविद्यालयीन दिवस गेले. मायस्पेस या अमेरिकेतील संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले, की स्थलांतर करताना तीन वर्षांहून जुनी छायाचित्रे आणि गाणी नाहीशी झाली असावीत. गुगल फोटोजवरील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून थांबली. त्या सेवेत ‘ओरिजिनल क्वालिटी’ आणि ‘स्टोरेज सेव्हर’ असे दोन पर्याय असतात. जागा वाचवण्याच्या मोहाने दुसरा निवडला, तर तेथेही चित्र दाबूनच ठेवले जाते. म्हणून एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या घरी ठेवलेल्या डिस्कवर आणि इंटरनेटवरची तिसरी, असा क्रम राखावा. फोल्डरच्या नावात साल, गाव आणि प्रसंग लिहावा. चित्रातील माणसांची नावे ओळखणारी व्यक्ती हयात आहे तोवर विचारून घ्यावीत. ती माहिती कोणत्याही फाइलच्या पोटात नसते.

दुसऱ्याचे छायाचित्र उतरवता येते म्हणून ते छापता येते, असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भारतात प्रकाशित छायाचित्रावरील हक्क, छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार मात्र, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. विवाहप्रसंगी छायाचित्रकाराशी व्यवहार ठरवतानाच अल्बमबरोबर मूळ फाइलीही मागून घ्याव्यात. अल्बमच्या जाडीवर घासाघीस करणारी मंडळी हे मागावयास विसरतात.

शेवटी, खातेदारामागे त्याच्या छायाचित्रांचे काय, हाही प्रश्न उरतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक गुगल खाती पुसून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. खाते निष्क्रिय झाल्यास कोणास कळवावे आणि त्यातील काय द्यावे हे आधीच नेमून ठेवण्याची सोय गुगलने २०१३ पासून दिली आहे. फेसबुकवर वारस-संपर्क म्हणून एक व्यक्ती नेमता येते. खातेदाराने तशी परवानगी दिलेली असेल तर तिला छायाचित्रे उतरवून घेता येतात. ॲपलच्या बाबतीत नेमलेल्या व्यक्तीजवळ प्रवेशाचा संकेत आणि मृत्यूचा दाखला हे दोन्ही असावे लागतात. तो संकेत कागदावर छापून घराच्या इतर दस्तऐवजांबरोबर ठेवता येतो.