चाळिशी, मोतीबिंदू आणि डोळ्यातले नवे भिंग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘डोळ्यांची निगा’ असा विषय नेमून दिला होता. परंतु गाजर खावे, पालेभाज्या खाव्यात, मंद उजेडात भरतकाम करू नये, हे सांगायला व्याख्याती कशाला हवी? ते तुम्हीच आपल्या सुनांना रोज सांगता. गेल्या दोन महिन्यांत मंडळातल्या चारपाच जणींनी मला जिन्यात नाहीतर भाजीवालीपाशी गाठून एकच प्रश्न विचारला, की डोळ्यातले भिंग काढून नवे बसवले म्हणजे चष्मा कायमचा जातो म्हणतात, ते खरे का, आणि करून घ्यावे का? तेव्हा आज तेवढ्याच प्रश्नाबद्दल बोलते. मी एकतीस वर्षे नेत्रविभागात परिचारिका होते, डॉक्टर नव्हे. जे पाहिले आणि जे ठाऊक आहे तेच सांगेन.

आपल्या बुबुळामागे मसुराच्या दाण्यासारखे एक पारदर्शक भिंग असते. प्रकाश गोळा करण्याचे निम्म्याहून अधिक काम बुबुळावरचा काचेसारखा पडदा करतो, उरलेले काम हे भिंग करते. परंतु त्याची खरी करामत वेगळीच आहे. ते लवचिक असते. दूरचे पाहताना चपटे होते, सुईत दोरा ओवताना फुगते. वय वाढते तसे ते कडक होत जाते, आणि मग एके दिवशी वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. त्यालाच आपण ‘चाळिशी लागली’ म्हणतो. पुढे तेच भिंग गढूळ झाले की तो मोतीबिंदू. म्हणजे चाळिशी आणि मोतीबिंदू ही एकाच भिंगाच्या म्हातारपणाची दोन दुखणी आहेत.

मोतीबिंदूचे भिंग काढून टाकण्याची विद्या जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याचा विधी दिला आहे. परंतु भिंग काढले की त्या जागी काहीच नसे. माझ्या आईला शस्त्रक्रियेनंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. त्यातून प्रत्येक वस्तू वास्तवापेक्षा मोठी आणि जवळ दिसे. ती कपात चहा ओतू लागली की निम्मा बशीत आणि निम्मा ओट्यावर. जिन्याची पायरी जिथे दिसे तिथे नसे. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी आपल्या घरात असा चष्मा पाहिला असेल.

त्या चष्म्यातून सुटका झाली ती एका विलक्षण निरीक्षणातून. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, विमानाच्या फुटलेल्या छपराचे तुकडे ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरोल्ड रिड्ले नावाच्या इंग्रज नेत्रवैद्याच्या असे ध्यानात आले की, हे पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे तुकडे वर्षानुवर्षे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांना विरोध करीत नाही. मग त्याच पदार्थाचे भिंग का करू नये? 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी एका स्त्रीच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. भिंग बसले, पण नंबर फार चुकला. उणे अठराच्या घरात गेला. हे मुद्दाम सांगते, कारण डोळ्याचे माप हेच या शस्त्रक्रियेचे मर्म आहे, ते मी पुढे सांगणार आहे. रिड्लेंना त्यांच्याच व्यवसायातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध वर्षानुवर्षे सोसावा लागला. 2000 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि पुढल्याच वर्षी ते वारले. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगे बसवली गेली होती, हे मला फार समाधानाचे वाटते.

1967 साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिकंपनांनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. दातांची सफाई करून घेताना दंतवैद्याच्या कंपन करणाऱ्या उपकरणावरून त्यांना ती सुचली. त्यामुळे आता दोनअडीच मिलिमीटरच्या छेदातून काम होते, आणि घडी घातलेले भिंग आत जाऊन उलगडते. टाके बहुधा लागत नाहीत. आपल्या देशात ही भिंगे गरिबांच्या आवाक्यात आली, त्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. त्यांच्या ऑरोलॅबने 1992 पासून भिंगे इथेच बनवली.

आता आपला प्रश्न. भिंग गढूळ नसतानाही, केवळ चष्मा घालवण्यासाठी ते काढावे काय? शस्त्रक्रिया तीच, हात तेच, यंत्र तेच. फरक एवढाच की मोतीबिंदूत आपण निकामी वस्तू काढतो, आणि इथे चालती वस्तू काढतो. एकदा काढलेले भिंग परत बसवता येत नाही. हा विचारही नवा नाही. 1890 च्या सुमारास ऑस्ट्रियात फुकाला नावाच्या वैद्याने फार मोठ्या उणे नंबरासाठी निरोगी भिंगे काढली. पुढे दृष्टिपटल सुटण्याचे प्रकार दिसले, आणि ती पद्धत मागे पडली. आजची साधने कितीतरी सुरक्षित आहेत, तरी ती भीती समूळ गेलेली नाही. मोठ्या उणे नंबराचा डोळा लांबट असतो, त्याचे दृष्टिपटल ताणलेले असते. त्यात वय कमी असेल तर धोका अधिक.

माझ्याच घरातली दोन उदाहरणे सांगते. माझी धाकटी जाऊ सत्तावन्न वर्षांची. नंबर अधिक साडेपाच, चष्म्याशिवाय लांबचेही नाही आणि जवळचेही नाही. तिच्या डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ, त्यामुळे काचबिंदूचीही धास्ती. भिंग काढल्याने त्या कप्प्यात जागा होते. तिने दोन्ही डोळे करून घेतले, एक झाल्यावर काही दिवसांनी दुसरा. लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला साधा चष्मा लागतो, आणि ती अगदी सुखी आहे. दुसरी माझी भाची, तेहेतीस वर्षांची, नंबर उणे आठ. एका ठिकाणी तिला भिंग बदलायला सांगून आगाऊ रक्कमही मागितली होती. पोरीने पैसे जमवले होते. मी तिला दुसऱ्या वैद्यांकडे नेले. ते म्हणाले, “हिचे भिंग अजून जवळचे-लांबचे करते आहे. ते काढले तर तेहेतिसाव्या वर्षीच चाळिशी लागेल, आणि दृष्टिपटलाचा धोका वेगळाच.” तिच्यासाठी स्वतःचे भिंग तसेच ठेवून त्यापुढे पातळ भिंग बसवण्याचा मार्ग होता. परतताना बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. पुढे तिने चष्माच ठेवला. तिच्यावर माझा आग्रह नव्हता. पण मला हायसे वाटले, हे खोटे कशाला सांगू?

माझे मत विचाराल तर पन्नाशी उलटलेली, मोठ्या अधिक नंबराची, किंवा मोतीबिंदू सुरू झालेली बाई असेल तर खुशाल विचार करावा. चाळिशीच्या आत, केवळ हौसेसाठी, मुळीच नको. आणि ज्यांना मोतीबिंदू आहेच, त्यांनी ‘पिकू दे मग पाहू’ म्हणून थांबू नये. तो जुन्या पद्धतीचा सल्ला होता. आता फार कडक झालेला मोतीबिंदू काढणेच अवघड जाते.

भिंगांच्या जातींवरून बायका फार गोंधळतात. साधे भिंग एका अंतराचे असते. बहुतेक जणी लांबचे ठेवतात आणि वाचायला चष्मा लावतात. वक्र नंबर, म्हणजे सिलिंडर, असेल तर त्यासाठी वेगळे भिंग आहे. जवळचे, मधले, लांबचे सगळे दाखवणारी महाग भिंगेही आहेत. ती प्रकाश वाटून देतात, म्हणून रात्री दिव्याभोवती वलये दिसतात आणि अंधुक उजेडात ठळकपणा थोडा कमी होतो. पुष्कळांना त्याची सवय होते, काहींना होत नाही. जिला रात्री गाडी चालवावी लागते तिने दहादा विचारावे. काचबिंदू किंवा मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेले असेल, तर ही भिंगे सहसा घेऊ नयेत. महाग म्हणजे उत्तम, हा हिशेब साड्यांना चालतो, इथे नाही.

आणि माप. डोळ्याची लांबी व बुबुळाची गोलाई मोजून भिंगाचा नंबर ठरतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजणीपूर्वी ती काही दिवस, कडक असेल तर काही आठवडे, काढून ठेवावी. नाहीतर माप चुकते.

खर्चाबाबत एक गोष्ट पैसे भरण्यापूर्वी पहा. नुसता चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा साडेसातपेक्षा कमी नंबरासाठी सहसा देत नाही. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर थेंब वेळेवर घालणे हे निम्मे यश आहे. थेंबांआधी हात साबणाने धुवावेत, आणि वैद्य सांगतील तोवर डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. डोक्यावरून न्हाणे तेवढे दिवस बंद. डोळा दुखू लागला, लाल झाला, किंवा दिसणे कमी झाले तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे, कारण आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा प्रश्न असतो. डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके उसळले, किंवा पडदा सरकल्यासारखा वाटला, तर तो दृष्टिपटलाचा निरोप समजावा. तो वर्षांनंतरही येऊ शकतो. मात्र काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. भिंगामागची पातळ पिशवी गढुळलेली असते, आणि लेसरने तीत झरोका पाडायला काही मिनिटे पुरतात. मोतीबिंदू ‘परत आला’ असे कोणी म्हणाले तर ते हेच.

चहा येईपर्यंत अजून वीस मिनिटे आहेत असे चिटणीसबाई खुणावताहेत. ज्यांच्या घरी कागद, नंबर, तपासण्या असतील त्यांनी त्या घेऊन पुढे यावे. चष्मे विसरला असाल तर मी वाचून दाखवते.