नळ आला, सांडपाण्याचे काय?

(ग्रामविकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘ग्रामीण पेयजल आणि सांडपाणी’ असा आजचा विषय आहे. हे दोन शब्द आपण शेजारी शेजारी छापलेत, याबद्दल प्रथम संयोजकांचे अभिनंदन करतो. एरवी आपल्या विचारात त्यांची फारकत झालेली असते. गावात पाणी आणणाऱ्याचा जाहीर सत्कार होतो. सांडपाण्याची वाट लावणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. वस्तुतः गावात आलेले पाणी आणि गावातून जाणारे पाणी ही एकाच प्रवाहाची दोन टोके आहेत. दुसरे टोक मोकळे सोडले, तर ते फिरून पहिल्याला येऊन मिळते आणि मग रोगराईच्या रूपाने घराघरांत शिरते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून जलजीवन मिशनची घोषणा झाली. त्या वेळी ग्रामीण भारतात साधारणतः सहा घरांपैकी एका घरी नळ होता. पुढील पाच-सहा वर्षांत हे प्रमाण पाचांपैकी चार घरांपर्यंत गेले, असे सरकारी आकडे सांगतात. मूळ मुदत २०२४ ची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. कोठे टाकी उभी आहे पण उद्भव आटला आहे, कोठे नळ आहे पण पाणी नाही, अशा तक्रारी आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. तरीही डोक्यावरचा हंडा उतरविण्याच्या दिशेने पडलेले हे पाऊल मोठे आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता थोडा हिशेब मांडू. या योजनेत दरडोई दररोज ५५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्यानुसार रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी लागते. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश पाणी आंघोळ, धुणी, भांडी होऊन बाहेर पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर रोज आपल्याच गल्लीत रिते करण्यासारखे आहे. विहिरीवरून हंड्याने पाणी आणणारी गृहिणी ते जपून वापरी आणि उरलेले परसातल्या केळीला, अळूला घाली. नळ आला, परसातही फरशी झाली आणि पाणी रस्त्यावर आले.

हे पाणी पिण्याच्या पाण्यात कसे मिसळते? आपल्या बहुतेक गावांत जलवाहिनी गटारीला लागूनच जाते. पाणी दिवसातून तासभर किंवा दिवसाआड सुटते. उरलेल्या वेळी नळी रिकामी असते आणि जिथे सांधा सैल असेल, तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कोणी नळाला मोटार लावली, तर ही ओढ आणखी वाढते. दाब कमी म्हणून काही ठिकाणी दारात खड्डा करून त्यात नळ घेतलेला असतो आणि त्याच खड्ड्यात सांडलेले पाणी साचते. काविळीची, अतिसाराची साथ आली की आपण हवामानाला दोष देतो. मूळ मात्र दारातल्या त्या खड्ड्यात असते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमची साथ पसरली. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही पूर्वीची खेडी. महापालिकेत आली तरी सुरळीत पाणीपुरवठा व मलनिस्सारण तेथे पुरेसे पोहोचले नव्हते. दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून शरीरात जाणारे ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हे जिवाणू सापडले आणि सर्वांचे लक्ष तेथील विहिरीच्या पाण्याकडे वळले. महानगराच्या उंबरठ्यावर ही स्थिती, तर आडगावाविषयी वेगळे काय सांगावे?

उपाय आहेत आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले. खड्डा खणायचा, मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची, भोवती दगडगोटे भरायचे आणि मोरीचे पाणी त्यात सोडायचे, एवढीच ही रचना. गटारे नाहीशी झाली, डास हटले. पुढे रोजगार हमीच्या निधीतून जिल्ह्यातील इतर गावांतही हे काम झाले. मात्र आंधळे अनुकरण नको. चिकण काळ्या मातीत पाणी जिरत नाही आणि विहिरीला खेटून शोषखड्डा घेणे धोक्याचे. अशा ठिकाणी सांडपाणी बंद नळीने गावाबाहेर न्यावे, स्थिरीकरण तळ्यात निवळू द्यावे आणि मग शेताला द्यावे.

शौचालयाचेही तसेच. दोन खड्ड्यांचे शौचालय आपल्या गावांना सोयीचे आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. तोवर पहिल्यातल्या मैल्याचे खत होते आणि तो उपसण्यासाठी कोणा माणसाला आत उतरवण्याची वेळ येत नाही. प्रतिष्ठेपायी आपण मोठी सेप्टिक टाकी बांधतो, तिचे पाणी गटारीत सोडतो आणि टाकी भरली की उपसणारी गाडी तो मैला ओढ्यात ओतून येते. वाई, सिन्नर यांसारख्या नगरपरिषदांनी टाक्या ठराविक मुदतीने उपसून मैल्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभी केली. शहरांजवळच्या गावांनी अशा केंद्रांशी जोडून घेतले पाहिजे.

आता थोडे कटू बोलतो. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आजही अनेक गावांत नळाचे पाणी शेवटी पोहोचते ते सखल भागातल्या वस्तीला, आणि साऱ्या गावाचे सांडपाणी उतरते तेही त्याच वस्तीच्या दारात. समरसतेची भाषा आपण व्यासपीठावरून करतो. तिची परीक्षा गटारीच्या उतारावर होते. जलवाहिनीचा आणि गटारीचा नकाशा पुढे ठेवून ही परीक्षा प्रत्येकाने आपल्या गावात घ्यावी.

शासनाकडे मागणी अवश्य करावी. परंतु योजना चालवायची गावानेच. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात, असा दंडक आहे. त्या सभेला खरोखर बसतात, की त्यांच्या घरी सहीपुरती वही जाते? टीसीएल पावडर उघडी राहून निकामी झालेली तर नाही ना? शेवटच्या नळाला क्लोरीन उतरते का, हे जलसुरक्षक रोज तपासतो का? त्याला मानधन वेळेवर मिळते का? जत्रेची वर्गणी एका दिवसात गोळा करणारे आपले गाव पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकवते आणि वीजबिलापायी योजना बंद पडते, हे आपल्याला शोभते का?

विहिरी, बारवा बांधणाऱ्या अहिल्यादेवींचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. त्या बारवांत आज प्लॅस्टिक तरंगत असेल, तर आपले स्मरण तोकडे पडले, असेच म्हणावे लागेल. संत गाडगेबाबा गावात येत, ते आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्याच नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, बक्षिसे मिळाली, आणि बक्षिसानंतर काही गावे पुन्हा झोपली. म्हणून उत्सवी उत्साहाची अपेक्षा मी करीत नाही.

एवढेच करा. येथून परत गेल्यावर आपल्या घराच्या मोरीचे पाणी कोठे जाते, ते त्याच्या मागोमाग चालत जाऊन पाहा. ते जिथे थांबते, तिथून पिण्याच्या पाण्याचा उद्भव किती अंतरावर आहे, ते मोजा आणि येत्या ग्रामसभेत ते अंतर सर्वांना सांगा. काम तिथूनच सुरू होईल.