साखरेची पाठराखीण



साखर कारखान्यात साखर तयार होत नाही. ती उसाच्या पानात तयार होते, कांड्यांत साठते. कारखाना ती फक्त वेगळी काढतो. यात कारखानदारांचा अपमान नाही. पण सुक्रोजचा एक रेणू घडवण्यासाठी पान जे करतं ते पाहिलं, की आपले रोलर आणि बॉयलर फार धसमुसळे वाटायला लागतात.

सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ऊन यांतून पान या शर्करांची सामग्री उभी करतं, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. खरी अडचण पुढे आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पाण्यात कालवून वर्षभर ठेवा. बुरशी मिळेल, सुक्रोज नाही. पाण्यात या जोडीचा ओढा तुटण्याकडे असतो. मग ऊस ती जुळवतो कशी?

उत्तर सापडलं अर्जेंटिनात. ब्युनोस आयर्समधल्या एका लहानशा जुन्या घरात लुइस लेलुआर यांची प्रयोगशाळा होती. दोरीने बांधलेल्या मोडक्या खुर्चीवर बसून काम करतानाचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. यीस्ट गॅलॅक्टोज ही शर्करा कशी पचवतं, एवढाच त्यांचा मूळ प्रश्न. त्यासाठी लागणारा एक अज्ञात मदतनीस पदार्थ शोधताना १९५० मध्ये हाती लागलं ते यूडीपी-ग्लुकोज: ग्लुकोजला जोडलेला यूडीपी नावाचा एक मोठा रेणू. पुढे १९५५ मध्ये त्यांच्याच गटाने गव्हाच्या अंकुरातली एन्झाइमं घेऊन दाखवलं, की सुक्रोजसाठी लागणारं ग्लुकोज येतं ते याच रूपात. १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल लेलुआर यांना या कामासाठी मिळालं.

यूडीपी ही ग्लुकोजची पाठराखीण. नव्या घरी पोचवायला सोबत जाते, लेक तिथे रुजू झाली की एकटी परत येते आणि पुढच्या लेकीबरोबर निघते. ही सोबत फुकट नाही. ती जोडून देताना पेशी ऊर्जा मोजते, आणि त्याच ऊर्जेवर पुढचा सांधा जुळतो. पानात ग्लुकोज ज्या फ्रुक्टोजवर बसतं, त्याला एक फॉस्फेट चिकटलेलं असतं. सांधा जुळला की दुसरं एन्झाइम ते फॉस्फेट छाटून टाकतं. त्यामुळे परतीची वाट बंद होते आणि सुक्रोज साचत जातं. दोन्ही शर्करांची चटकन प्रक्रिया करणारी टोकं एकमेकांत अडकलेली असल्यामुळे, पानापासून कांडीपर्यंतच्या प्रवासात सुक्रोज वाटेत कशाशी फारसं गुंतत नाही. ऊस तोडला की मात्र इन्व्हर्टेज हे एन्झाइम सांधा सोडवू लागतं. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घसरतो, त्यामागचं एक कारण हेच.

हीच युक्ती आपल्याही अंगात चालते. आईच्या दुधातलं लॅक्टोज यूडीपी-गॅलॅक्टोजपासून बनतं. यकृत बिलिरुबिनला यूडीपीच्याच मदतीने शर्करेपासून बनलेलं एक आम्ल जोडतं, मग ते पित्तातून बाहेर पडतं. नवजात बाळाच्या यकृतात ही जोडणी करणारं एन्झाइम अजून कमी असतं. जन्मानंतरच्या काविळीचं हे एक मोठं कारण.

पण शर्करा जोडण्याचा सर्वांत धूर्त उपयोग मला ज्वारीत दिसतो. ज्वारीचं कोवळं रोप टायरोसिन या अमिनो आम्लापासून एक अस्थिर रेणू बनवतं. तो मोकळा राहिला तर फुटून सायनाइड सुटेल आणि रोपच मरेल. म्हणून एक एन्झाइम यूडीपीजवळचं ग्लुकोज तत्काळ त्याच्यावर बसवतं. झालं धुरिन: निरुपद्रवी, पाण्यात विरघळणारं, पेशीत साठवता येणारं. ग्लुकोज उतरवणारं एन्झाइमही रोपाजवळ असतं, पण वेगळ्या जागी. जनावराने पान चावलं की दोघांची गाठ पडते, ग्लुकोज सुटतं आणि पाठोपाठ सायनाइड. काही वेळातच गाय धापा टाकत कोसळते.

कोपनहेगनच्या संशोधकांनी धुरिन बनवणारी तिन्ही जनुकं मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपात घातली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, एरवी त्या रोपावर ताव मारणारे भुंगेरे त्याच्यापासून दूर राहिले. आपल्या शेतकऱ्याला हा धडा जनुकांशिवाय ठाऊक आहे: पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतरच्या फुटव्यांत तो गुरं सोडत नाही, आणि हिरवा चारा द्यायचा तर फुलोऱ्याची वाट पाहतो.