कानाला जीभ फुटते तेव्हा

नेहमीसारखाच हा भाग ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिहूनही देतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, थोडी झाडझूड केलीय, एवढंच.

आता या ‘बोललेलं लिहून ठेवणं’ प्रकारापासूनच सुरुवात करू. मराठीतली सगळ्यात गाजलेली ट्रान्स्क्रिप्ट कुठली? माझं उत्तर आहे, ज्ञानेश्वरी. शके १२१२, म्हणजे १२९०. नेवाशाला ज्ञानेश्वर बोलतायत, समोर निवृत्तिनाथ आणि श्रोते बसलेत, आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेतायत. त्यांचं नाव ग्रंथाच्या शेवटी येतं, लेखक म्हणून. लेखक म्हणजे लिहून घेणारा. पुढे तीनेकशे वर्षांत प्रतींवर प्रती झाल्या, चुका शिरल्या. मग १५८४ मध्ये एकनाथांनी बसून पाठ शुद्ध केला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू.

शाळेत आपण याच्या चार ओव्या पाठ केल्या, मार्क घेतले, विषय संपला. मला ती पुन्हा भेटली आजीमुळे. आजी म्हणजे आईची आई, तासगाव तालुक्यातली. काचबिंदूनं तिची नजर गेली. आधी ती रोज पोथी वाचायची. मग मी तिला फोनवर ज्ञानेश्वरीचं ऑडिओ लावून दिलं. माझा फोन कायम दीडपट स्पीडवर असतो, तो तसाच राहिला. दोन मिनिटांनी आजी म्हणाली, “आरं, ह्याच्या मागं कुत्रं लागलंय का? कशाला पळतोय एवढा?”

स्पीड कमी केला आणि नाइलाजानं शेजारी बसलो. सहावा अध्याय चालू होता. त्यात ज्ञानेश्वर आपल्या मराठी बोलण्याविषयी बोलतात, ती जागा आली.

ते काय म्हणतात ते माझ्या शब्दांत सांगतो. शब्द हा खरं तर कानाचा विषय. पण या बोलण्यात इतका रस आहे, की कानालाच जिभा फुटतात. जीभ म्हणते, हा रस माझा. नाकाला वाटतं, हा सुगंध माझा. डोळे म्हणतात, आम्हाला रूप दिसतंय. हात मिठी मारायला पुढे सरसावतात. अख्ख्या शरीरात भांडण लागतं, शब्द कुणाचा? आणि तो शब्द सगळ्यांना सारखंच समाधान देतो, एकटा सूर्य सगळ्या जगाला जागं करतो तसा.

सातशे वर्षांपूर्वीचं आहे हे! आपल्याला वाटतं, संत म्हणजे शरीर विसरा, इंद्रियं दाबा. आणि इथं ज्ञानेश्वर सगळ्या इंद्रियांना पंगतीला बसवतायत. तेही त्याच सहाव्या अध्यायात, जिथं योगाचं आणि कुंडलिनीचं वर्णन आहे. मी पॉडकास्ट करणारा माणूस. इयरफोनमधून माझा आवाज तुमच्या जिभेपर्यंत पोचला, तर अजून काय पाहिजे?

पण आजीशेजारी बसून ऐकताना मला एक गोष्ट टोचायला लागली. शब्द सगळ्यांना सारखा, हे ठीक. पण हात? मिठी मारायला निघालेले ते हात कुणाकुणाला परवडत होते?

त्याच काळात मंगळवेढ्याला चोखामेळा होते. विठ्ठलाचं नाव त्यांना ऐकता येत होतं, घेता येत होतं, त्याचे अभंग करता येत होते. पण देवळात जाऊन मूर्ती बघायची परवानगी नव्हती, मग पायाला हात लावणं तर लांबच. कान आणि तोंड मोकळं, डोळे आणि हात बंद. त्यांची बायको सोयराबाई. तिनं तर थेट देहावरच अभंग केला. तिचा युक्तिवाद बघा किती सरळ आहे: विटाळ विटाळ करता, पण विटाळाशिवाय जन्मलेला देह तरी दाखवा. लॉजिक म्हणून यात बग काढून दाखवा, मला नाही सापडला.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा कामकऱ्यांसोबत तिच्याखाली गेले. पुढची कथा अशी सांगतात, की नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यातून हाडं निघाली होती, पण चोखोबांची कुठली हे कसं ओळखायचं? नामदेवांनी एकेक हाड उचललं आणि कानाला लावलं. ज्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं, ती चोखोबांची. ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली.

ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि मान हलवतो. यावेळी मला त्यातला हात दिसला. कानाला लावायचं तर आधी हातात घ्यावं लागतं. जिवंतपणी ज्याला शिवायचं नाही, त्याची हाडं एका शिंप्यानं गालाशी धरली. आणि तरी समाधी कुठं? दाराबाहेरच. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं.

आता घरचं सांगतो. आजोळी परड्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक कान तुटलेला कप. द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या एका मामांचा. आजी वरनं चहा ओतायची, मामा पिऊन कप स्वतः विसळून परत ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, मामांचा आवडता कप असेल. सप्ताहाला स्पीकरवरून पारायण अख्ख्या गावाला ऐकू जायचं. मामांना हरिपाठ तोंडपाठ. शब्द पोचत होता. कप वेगळा होता.

माझं स्वतःचं गाव फलटणजवळ. माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते, लोणंद, तरडगाव करत आमच्याकडे पोचते. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, घोडा धावून गेला की लोक त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतात. अनोळखी माणसं वय न विचारता, जात न विचारता एकमेकांच्या पायाला हात लावतात. हे मी पाहिलंय, केलंय. आणि तो कपही पाहिलाय. दोन्ही आपलंच आहे.

गेल्या दिवाळीत मामा भेटायला आले. थकलेत आता. आजीनं आवाजावरनं ओळखलं आणि हात पुढं केला. दिसत नाही ना, चाचपडल्याशिवाय माणूस कळत नाही तिला. मामांचा हात निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. साठ वर्षांची सवय. आजीचा हात हवेतच. मग तीच पुढं सरकली, मनगट धरलं आणि म्हणाली, “लय वाळलास रं.” माफी वगैरे काही नाही. मामांनी हात सोडवून घेतला नाही. मी चहा ठेवायला आत गेलो. कोनाड्याकडं बघितलं, कप अजून तिथंच होता. तो उचलला आणि कचऱ्यात टाकला. चहा घरातल्याच ग्लासांत दिला, तिघांना सारखा.

तर आज दोन कामं. एक, सहाव्या अध्यायातली ती जागा शोधा आणि मोठ्यानं वाचा. ऐकणार असाल तर स्पीड साधाच ठेवा. दोन, घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्याकडं असा कप होता का? काय उत्तर येतंय ते मला लिहून कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.